हॅलोविनच्या पांढऱ्या पुड्या

मॉलीला काहीच खाता येत नाही, इथून हे सगळं सुरू झालं. मॉली म्हणजे आमच्या आश्लेषाच्या वर्गातली मैत्रीण. तिला दाणे चालत नाहीत, दूध चालत नाही, अंडं चालत नाही, आणि तीळ तर नुसते जवळून गेले तरी तिचे ओठ सुजतात. हॅलोविनच्या संध्याकाळी ही पोर इतर मुलांसारखीच चेटकीण होऊन दारोदार हिंडते, पिशवीभर चॉकलेटं गोळा करते, आणि घरी गेल्यावर तिची आजी मॉरीन चष्मा लावून एकेका चॉकलेटच्या मागची बारीक अक्षरं वाचते. वाचून झालं की पिशवीत काही उरत नाही.

"बाबा, मॉलीचा पिशवी रिकामी होतो," आश्लेषानं मला सांगितलं. तिचं मराठी इथे इंग्लंडात, मेडनहेडमध्येच जन्मलेलं असल्यामुळे त्यात पिशवी अधूनमधून पुल्लिंगी असते. "आपण असं काहीतरी देऊ या, जे कोणीच खायचं नाही."

मी लगेच हो म्हटलं. बँकांचा डेटा एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये हलवणं हा माझा धंदा. मुलांच्या हातावर खाऊऐवजी दुसरं काहीतरी ठेवणं हा काही प्रोजेक्ट नव्हे, असं मी माझ्या बायकोला, वरदाला म्हणालो. वरदा हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. तिनं हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलं. "हा काही प्रोजेक्ट नव्हे" असं मी बाथरूमच्या टाइल्सबद्दलही म्हणालो होतो आणि त्यानंतर बरेच दिवस आम्ही तिच्या मैत्रिणीकडे आंघोळीला जात होतो.

प्रथम सल्ला घ्यावा म्हणून एजवेअरच्या शशिकांतकाकांना फोन लावला. काका निवृत्त डॉक्टर. आमच्या जन्माच्या आधीपासून ते या देशात आहेत, त्यामुळे इंग्रज माणूस आतून कसा असतो हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे असा त्यांचा समज आहे, आणि दिवाळी फराळाला बोलावलेल्या कुणीही तो खोडून काढलेला नाही.

"स्वानंद, घरी केलेलं काही द्यायचं नाही," काका म्हणाले. "यांना वाटतं आपण त्यात काहीतरी घातलंय. फळं द्यायची नाहीत. त्यांना वाटतं आत ब्लेड आहे. हे लोक गोड बोलतात, पण मनात संशय धरून असतात."

"काका, मी खायचं काही देतच नाहीये."

"मग तर आणखीच संशय येईल," काका म्हणाले. त्यांच्या वैद्यकीय कारकिर्दीत त्यांचं निदान इतकं अचूक कधी ठरलं असेल असं मला वाटत नाही.

शेजारच्या ग्रॅहमचा सल्ला मी मागितला नव्हता. तो कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना आपोआप मिळाला. ग्रॅहम आमच्या हॉथॉर्न क्लोज या गल्लीच्या नेबरहुड वॉचचा प्रमुख आहे. म्हणजे रस्त्यावर अनोळखी गाडी उभी राहिली की तो आपल्या खिडकीत उभा राहतो. त्यानं सांगितलं की उड्या मारणारे रबरी चेंडू लहान मुलांच्या घशात अडकतात, अंधारात चमकणाऱ्या कांड्या प्लास्टिकच्या असल्यामुळे पृथ्वीच्या घशात अडकतात, आणि एका वर्षी कुणीतरी शिट्ट्या वाटल्या होत्या त्या माणसाला पुढे घर विकावं लागलं. "पेन्सिली," ग्रॅहम म्हणाला. पेन्सिली बोरिंग असतात, असं आश्लेषा म्हणाली.

शेवटी कल्पना वरदाला सुचली. आमच्या लॉफ्टमध्ये रांगोळीची गोणी पडून होती. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत वरदा रांगोळीचा स्टॉल लावते. रंग सगळे संपले होते, पांढरी तेवढी उरली होती. छोट्या छोट्या पुड्या करायच्या, सोबत ठिपक्यांचं एक कार्ड द्यायचं, मुलं आपापल्या दारात रांगोळी काढतील. खायचं काही नाही, प्लास्टिकचं खेळणं नाही, शिट्टी तर नाहीच. मला ही कल्पना इतकी आवडली की थोड्याच वेळात ती माझीच आहे असं मला वाटायला लागलं.

पुड्यांसाठी मी दाबून बंद होणाऱ्या चिमुकल्या पिशव्या ऑनलाइन मागवल्या. साध्या पिशव्याही होत्या, पण एका प्रकारावर हिरवं पान छापलेलं होतं. लांबट बोटांसारखं पसरलेलं, कडा कातरलेलं, अगदी सुबक. मुलांना निसर्गाची आवड लागावी म्हणून मी ती घेतली. वरदानं एक पिशवी उजेडात धरली.

"अंबाडीचं पान आहे का रे हे?"

"अंबाडीच," मी म्हणालो. मी नागपूरचा. माझ्यासमोर अंबाडीबद्दल शंका घ्यायची नाही असा आमच्या घरात नियमच आहे. अंबाडीची भाजी इकडे मिळत नाही, पण चित्र मिळतं याचं आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

कार्ड मात्र अडलं. वरदानं ठिपके आणि रेघा नीट काढून, खाली "ही रांगोळी आहे, ती अशी काढतात" वगैरे इंग्रजीत लिहून दिलं. सगळं काळ्या शाईत. आमच्या प्रिंटरमधली निळी शाई संपली होती आणि निळी नसेल तर मी काळंही छापणार नाही अशी त्यानं भूमिका घेतली. निळी शाई मागवली. ती आली तेव्हा आम्ही घरी नव्हतो, म्हणून डिलिव्हरीवाल्यानं पार्सल ग्रॅहमकडे ठेवलं.

ते द्यायला ग्रॅहम संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या काचेच्या दाराशी आला. घड्याळं नुकतीच तासभर मागे गेली होती, त्यामुळे चहाच्या वेळेलाच बाहेर काळोख होता आणि आत सगळे दिवे लागलेले होते. मी ओट्यापाशी उभा होतो. रांगोळीची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून मी मास्क लावला होता. वरदानं दिलेले निळे ग्लोव्ह्ज घातले होते. प्रत्येक मुलाला सारखीच रांगोळी मिळावी म्हणून पुढ्यात मसाल्याचा डिजिटल काटा ठेवला होता, आणि मी चमच्याच्या टोकानं पांढरी पूड पिशवीत सोडून ती नखानं टिचकी मारून खाली बसवत होतो. ग्रॅहम तिथे किती वेळ उभा होता कोण जाणे. मी वर बघितलं तेव्हा तो पार्सल छातीशी धरून उभा होता.

मी दार उघडलं.

"बिझी दिसतोस," ग्रॅहम म्हणाला.

"हॅलोविनची तयारी. मुलांसाठी."

"मुलांसाठी," ग्रॅहम म्हणाला. त्याची नजर काट्यावरून गोणीवर गेली आणि गोणीवरून पुड्यांच्या ढिगावर.

आता यात कुणालाही वाटेल तेच मला वाटलं. या माणसाला माझी कल्पना चोरायची आहे. गेल्या वर्षी ख्रिसमसच्या दिव्यांची माझी रचना त्यानं अशीच गुपचूप उभं राहून बघितली होती आणि दोन दिवसांत त्याच्या घरावर तीच रचना आली होती. मी हलकेच पुढे सरकून ओटा अंगानं झाकला.

"ग्रॅहम, हे प्लीज कोणाला सांगू नकोस," मी म्हणालो. "मला या रस्त्यावर पहिला असायचंय."

"राइट," ग्रॅहम म्हणाला. "राइट यू आर." आणि तो उलट्या पावलांनी फाटकापर्यंत गेला.

निळी शाई चुकीच्या नंबरची निघाली. कार्डाचा नाद आम्ही सोडला. दारात उभं राहून तोंडानं सांगू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी एक पुडी घेऊन समोरच्या मॉरीनकडे गेलो. मॉलीला ही वस्तू निर्धास्त घेता यावी, तिच्या आजीची आधीच खात्री पटावी, एवढाच शुद्ध हेतू. मॉरीननं पुडी दोन बोटांत धरून खिडकीपाशी नेली. मागची अक्षरं शोधली. अक्षरं नव्हती.

"हे काय आहे, डिअर?"

"पावडर. शंभर टक्के प्युअर."

"आणि याचं करायचं काय?"

"जमिनीवर रेघा ओढायच्या. आमच्याकडे ही फार जुनी पद्धत आहे. माझी आई रोज सकाळी, चहासुद्धा घ्यायच्या आधी ओढायची."

"तुझी आई," मॉरीन म्हणाली.

"त्याशिवाय तिचा दिवस सुरूच व्हायचा नाही. आता वरदा फक्त सणासुदीला ओढते. वेळ कुठे असतो हॉस्पिटलमधून?"

मॉरीननं पुडी परत माझ्या हातात ठेवली आणि हात अंगापासून दूर धरून पुसले. "मॉलीला त्या दिवशी बहुतेक बरं नसेल," ती म्हणाली. चार दिवसांनी मुलीला बरं नसणार हे आजीला आज कसं कळलं, याचं मला नवल वाटलं. ही गोष्ट आश्लेषाला सांगितल्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मात्र मला सहन झाली नाही. "तू काय बोललास तिला?" तिनं विचारलं. मी जे बोललो ते शब्दशः सांगितलं. तिलाही त्यात काही खटकलं नाही. आमच्या घरातलं वातावरण इतकं निष्पाप होतं.

त्यानंतर रस्ता बदलला. आमच्या क्लोजचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर एरवी कुणाचं मांजर कुणाच्या फुलझाडात गेलं यावर सकाळपासून चर्चा चालते. तो एकदम मुका झाला. मांजर मेलं असावं असं म्हणावं तर ते आमच्याच कुंपणावर बसलेलं होतं. याचा अर्थ उघड होता: यांनी मला वगळून नवा ग्रुप काढला होता. मी डबे बाहेर ठेवायला गेलो की ग्रॅहमच्या खिडकीतला पडदा हलायचा. मी हात केला की पडदाच हात केल्यासारखा हलायचा. या रस्त्यावर आपण इतकी वर्षं राहतो, हिवाळ्यात सगळ्यांच्या दारातलं बर्फ काढतो, आणि शेवटी हे असं. मला रात्री वरदाला विचारावंसं वाटायचं की आपण इथे कोण आहोत, पण ती लवकर झोपते.

"त्यांना सुगावा लागलाय," शशिकांतकाका फोनवर म्हणाले. "तुझ्या पुड्यांमुळे उद्या फुटपाथवर रेघा उमटणार. मग हे कौन्सिलला कळवणार. तू आधी कौन्सिलची परवानगी काढ. कागद हातात असला की इंग्रज काही करू शकत नाही."

मला ते पटलं, कारण आमचा या देशात कायम राहण्याचा अर्ज तेव्हा क्रॉयडनच्या ऑफिसात गेलेला होता. अर्जदाराचं वर्तन चांगलं असावं अशी त्यात अट असते. आमचं वर्तन इतकं चांगलं होतं की मी पार्किंगची पाटी दोनदा वाचतो. एका फुटपाथवरच्या तक्रारीनं त्यावर पाणी पडावं असं मला वाटत नव्हतं.

कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. कचऱ्यासाठी एक दाबा, झाडांसाठी दोन दाबा, मयतासाठी तीन दाबा, असं सांगत यंत्रानं मला बराच वेळ फिरवलं. रांगोळीसाठी काहीच दाबायचं नव्हतं. शेवटी एका बाईंचा आवाज आला. मी त्यांना म्हणालो की मला एकतीस तारखेच्या संध्याकाळी लहान मुलांना पावडरच्या पुड्या वाटायच्या आहेत, तर त्यासाठी परवाना लागतो का.

"खायची वस्तू आहे का?" बाईंनी विचारलं.

"मुळीच नाही. खाल्ली तर त्रास होईल."

"पुड्यांवर लेबल आहे?"

"लेबल लावणार होतो, पण निळी शाई संपली."

"पावडर कशाची आहे, सर?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. रांगोळी रांगोळीची असते. "नक्की माहीत नाही," मी प्रामाणिकपणे म्हणालो. "इंडियातून येते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बॅगेतून आणतात." बाईंनी माझं नाव, पत्ता आणि वेळ लिहून घेतली आणि संबंधित विभागाकडे कळवते म्हणाल्या. मी त्यांचे मनापासून आभार मानले. सरकारी माणूस इतक्या बारकाईनं ऐकून घेतो याचं मी त्या दिवशी ऑफिसात दोघांना कौतुक सांगितलं.

हॅलोविनच्या संध्याकाळी आम्ही दारात भोपळा ठेवला. खायची वस्तू न देणाऱ्या घरानं भोपळा मोरपंखी रंगवायचा अशी पद्धत आहे. बाथरूमचा उरलेला रंग कामाला आला. आश्लेषा सांगाडा झाली होती. मी ड्रॅक्युला झालो होतो आणि माझ्या पाठीवर वरदाची काळी चंद्रकळा होती. ती देताना वरदानं पदराची जर मोजून घेतल्यासारखी बघितली होती. ताटात पुड्या रचून आम्ही वाट बघत बसलो.

मुलं येत होती. ग्रॅहमच्या दाराशी येत होती, मग आमच्या फाटकाशी त्यांचे आईबाप त्यांचा हात धरून रस्ता ओलांडत होते, आणि पुढच्या घराशी पुन्हा अलीकडे येत होते. एक बाप तर मुलाला खांद्यावर घेऊन पळाला. ड्रॅक्युलाला भिऊन कुणी पळालं असतं तर मला आनंद झाला असता. पण ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. ताटाकडे बघत होते.

आश्लेषा पायरीवर बसली होती. समोर मॉरीनच्या खिडकीत एक छोटी चेटकीण उभी होती, टोपीसकट. तिला अगदी ठणठणीत बरं होतं. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. आश्लेषानं एकदा हात केला, तिकडून एकदा हात झाला. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी पुड्या पुन्हा रचल्या.

आणि मग आमचं फाटक वाजलं. पोलिसांच्या वेशात दोघं आत आली. एक उंच मुलगा, एक जरा बुटकी मुलगी. वेश फार हुबेहूब होता. छातीवर रेडिओ, अंगावर पिवळं जाकीट. या कामाला ती जरा मोठी होती, पण निवडत बसायची माझी वेळ राहिली नव्हती. मी चंद्रकळा पसरून पुढे झालो.

"एक्सलंट," मी म्हणालो. "अगदी खरे वाटता." आणि दोघांच्याही हातात एकेक पुडी ठेवली. तिच्या वेशाची मेहनत जास्त दिसत होती म्हणून तिला आणखी एक दिली.

त्यांनी पुड्यांकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

"धिस इज फ्री?" उंच मुलानं विचारलं.

"पहिली फ्री. आवडली तर परत या, आत गोणीभर आहे."

तेवढ्यात त्याच्या छातीवरचा रेडिओ बोलला. आमच्या रस्त्याचं नाव बोलला, आमच्या घराचा नंबर बोलला. खेळण्यातला रेडिओ इतकं करत नाही हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. माझ्या तोंडातले प्लास्टिकचे सुळे खाली पडले.

"मिस्टर पाध्ये," मुलगी म्हणाली, "आत येऊन बोलू या का?"

मला क्रॉयडन दिसायला लागलं. माझ्या अर्जावर कुणीतरी लाल शाईनं रेघ ओढतंय आणि तेवढ्यापुरती तरी त्यांची शाई संपलेली नाही, असं. वरदा बाहेर आली. तिनं दोघांच्या हातातल्या पुड्या बघितल्या, माझं तोंड बघितलं, आणि पहिल्यांदाच त्या हिरव्या पानाकडे नीट, फार्मसीतल्या बाईच्या नजरेनं बघितलं.

"स्वानंद," ती मराठीत हळूच म्हणाली, "ही अंबाडी नाहीये."

"मग?"

"सिग्नलपाशी त्या दुकानाच्या पाटीवर गांजाचं पान असतं ना, ज्याच्यासमोरून तू आश्लेषाला भरभर नेतोस. ते."

 मी भोपळ्यावर बसलो. बाथरूमचा रंग अजून ओला होता आणि चंद्रकळेवर तो कायमचा उमटला.

"आमची तक्रार ग्रॅहमनं केली ना?" मी कसंबसं विचारलं. "निदान एवढं तरी सांगा."

पोलिसणीनं आपल्या फोनवर काहीतरी बघितलं. "माहिती कौन्सिलकडून आली आहे," ती म्हणाली. "त्यांना फोन करून कळवणाऱ्याचं नाव एस. पाध्ये असं आहे. तुमचे कोणी नातेवाईक का?"

मी भोपळ्यावरूनच हात वर केला. वरदानं मात्र कृती केली. ताटातली एक पुडी उघडली, आमच्या दारापुढच्या काळ्या डांबरी जागेत उकिडवी बसली, आणि चिमटीतून ठिपके सोडायला लागली. दिव्याच्या उजेडात ठिपके पांढरेशुभ्र उमटत गेले. मग तिनं एक ठिपका वळसा घालून दुसऱ्याला जोडला, दुसरा तिसऱ्याला, आणि कुठेही न थांबता रेघ जिथून निघाली होती तिथे आणून मिळवली. मध्ये कमळ उमललं. उंच पोलीस खाली वाकून बघत होता.

"मी करून बघू?" त्यानं विचारलं.

त्याची रेघ सापासारखी गेली. "जाड झाला," आश्लेषा त्याच्याशी चुकून मराठीतच बोलली, आणि त्याचा अंगठा आणि बोट धरून चिमूट कशी धरायची ते दाखवायला लागली. पोलीस जमिनीवर बसलेला बघून रस्त्यापलीकडची मुलं अलीकडे आली. मुलांच्या मागे आईबाप आले. जो बाप मुलाला खांद्यावर घेऊन पळाला होता तोही आला, आणि त्याच्या मुलानं आधी खांद्यावरून खाली सोड असा हट्ट धरला. पोलिसणीनं सगळ्या पुड्या रिकाम्या करून एका पातेल्यात ओतायला लावल्या आणि पिशव्या ताब्यात घेतल्या. पातेल्यातून वाटायला तिची हरकत नव्हती.

सर्वांत शेवटी मॉरीन आली. तिच्या हाताला चेटकीण होती. मॉलीनं पातेल्यातली चिमूट उचलायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"हे मला खाता येत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"आश्लेषाला?"

"नाही."

"कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही."

मॉलीच्या तोंडावर इतकं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. ती फतकल मारून आश्लेषाशेजारी बसली. मॉरीननं चष्मा काढून तो खिशात ठेवला.

सगळे पांगल्यावर ग्रॅहम कुंपणापाशी आला. नवा ग्रुप होता, असं त्यानं सरळच सांगितलं. लोक ड्रग्जबिग्ज काय वाटेल ते बोलत होते. "पण पोलिसांनी आज आधी मला विचारलं. मी त्यांना स्पष्ट म्हणालो, तसलं काही शक्यच नाही. हा माणूस दह्याचे रिकामे डबे विसळून, पुसून, साइजप्रमाणे लावून रिसायकलिंगमध्ये टाकतो. मी त्याला इतकी वर्षं बघतोय. इतका कंटाळवाणा माणूस गुन्हा करूच शकत नाही." तो माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

मी त्याचे आभार मानले. मानायलाच हवे होते. पण 'कंटाळवाणा' हा शब्द आत आल्यावरही काही पचेना. वरदा सिंकपाशी हात धूत होती, आणि ओट्यावर चंद्रकळा मोरपंखी डाग वर करून पडली होती.

"मी कंटाळवाणा आहे का गं?" मी विचारलं.

वरदानं नळ बंद केला. "पोलिसांना पटलं ना?" ती म्हणाली. "मग आता उगाच वाद घालू नकोस."